जॅग्वारच्या बॉनेटखाली शेवरलेचे इंजिन

महागडी गाडी जुनी झाली की तिची किंमत कोसळते, तिला सांभाळण्याचा खर्च मात्र जागच्या जागी राहतो. नवी असताना जी गाडी मोजक्या धनिकांनाच परवडत होती, ती पंधरा-वीस वर्षांनी साध्या नव्या हॅचबॅकपेक्षाही कमी पैशांत मिळते. पण तिचा वॉटर पंप, तिचे हेड गॅसकेट, तिचे इंजेक्टर आणि ते बसवणाऱ्या जाणत्या मेकॅनिकची मजुरी हे सगळे तिच्या मूळ किमतीच्या हिशेबानेच चालते. त्यामुळे इंजिनाचे मोठे काम निघाले की खर्च अख्ख्या गाडीच्या बाजारभावाच्या वर जातो. मग पत्रा शाबूत, आतले कातडे शाबूत, सस्पेन्शन शाबूत अशी गाडी एका भागापायी भंगारात निघते. अमेरिकेत ब्रिटिश जॅग्वार गाड्यांच्या बाबतीत हे इतक्या वेळा घडले की त्यावर एक तोडगाच रूढ झाला: जॅग्वारचे इंजिन उतरवायचे आणि त्या जागी शेवरलेचे व्ही-८ बसवायचे. जॅग्वारच्या निष्ठावंतांना हा प्रकार आजही पाप वाटतो. माझे मत वेगळे आहे. निदान एक्सजे मालिकेच्या सेडान गाड्यांपुरता हा बदल त्या गाडीतले सर्वोत्तम ते वाचवतो, कारण तिचे सर्वोत्तम इंजिनात नाही. अट एवढीच की हे काम करणाऱ्याने आपण एक इंजिन बदलतो आहोत असे समजू नये. इंजिनाला टेकलेली अर्धी गाडी त्याला नव्याने जुळवावी लागते.

एक्सजे-६ बाजारात आली ती १९६८ साली. कंपनीचे संस्थापक सर विल्यम लायन्स यांच्या देखरेखीखाली आकाराला आलेली ही शेवटची मोठी सेडान. तिच्या बाह्यरूपाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ज्या गुणासाठी त्या काळच्या समीक्षकांनी तिला तिच्याहून कितीतरी महाग गाड्यांच्या शेजारी बसवले, तो गुण होता शांतपणा, आणि त्यामागे बॉब नाइट या अभियंत्याचे डोके होते. रस्त्यावरचा खडखडाट प्रवाशापर्यंत पोचण्याआधी रबरात जिरवायचा हा त्याचा ध्यास. तिचे मागचे सस्पेन्शन जवळून पाहिले की हे लगेच लक्षात येते. डिफरन्शियल, त्याला लागून बसवलेले डिस्क ब्रेक, दोन्ही बाजूंचे शाफ्ट, आणि प्रत्येक चाकामागे दोन अशा एकूण चार स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बरच्या जोड्या हे सगळे एका पोलादी पिंजऱ्यात बसवलेले आहे, आणि तो पिंजरा बॉडीला थेट न जोडता रबरी ठोकळ्यांवर टांगलेला आहे. चाकाकडे जाणारा शाफ्टच वरच्या आर्मचे काम करतो, त्यामुळे एक भाग वाचतो. ब्रेक चाकात न ठेवता आत डिफरन्शियलपाशी ठेवल्याने चाकाबरोबर वरखाली होणारे वजन कमी होते, आणि खड्ड्यावरून जाताना चाक हलके उचलले जाऊन पुन्हा रस्त्याला टेकते. ही रचना १९६१ साली ई-टाइप आणि मार्क-१० या गाड्यांमध्ये आली, एक्सजेमध्ये ती पूर्णत्वाला गेली. पुढच्या चाकांचा सबफ्रेमही असाच रबरावर, आणि टायर डनलॉपने या गाडीसाठी खास तयार केलेले. यातला एकही भाग इंजिन कोणत्या कंपनीचे आहे यावर अवलंबून नाही.

आता इंजिनांकडे येऊ. एक्सजेमध्ये मुख्यतः दोन घराण्यांची इंजिने आली. पहिले एका रांगेत सहा सिलिंडरचे एक्सके. दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यावर रात्री आगीचा पहारा देताना लायन्स आणि त्यांच्या अभियंत्यांनी त्याचा आराखडा रचला. १९४८ साली ते जगापुढे आले, आणि त्याचे उत्पादन १९९२ पर्यंत चालले. डबल ओव्हरहेड कॅमशाफ्ट तेव्हा शर्यतीच्या गाड्यांतली चैन होती. ती सामान्य उत्पादनात आणणारे हे इंजिन मोठेच होते. पण १९६४ साली ते ४.२ लिटरपर्यंत वाढवताना सिलिंडर एकमेकांना इतके चिकटले की गाडी तापली तर ब्लॉकला दोन बोअरच्या मधे तडा जाण्याचा धोका वाढला. दुसरे ५.३ लिटरचे व्ही-१२, १९७१ साली ई-टाइपमध्ये आणि पुढच्या वर्षी एक्सजे-१२ मध्ये आलेले. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगच्या बाबतीत ते अतिशय दणकट आहे. त्याला मारते ते त्याच्या भोवतीचे सामान. दोन रांगांच्या मधल्या खोबणीत पेट्रोलचे रबरी नळ, वायरिंग आणि ॲक्सिलरेटरची जोडणी दाटीने बसलेली असते, आणि खालून सतत उष्णता येते. रबर कडक होते, चिरते, पेट्रोल गरम ॲल्युमिनियमवर ठिबकते. या इंजिनाच्या गाड्यांना लागलेल्या आगींचे हे ठरलेले कारण. रेडिएटर थोडा जरी चोंदला तरी हेडमधल्या व्हॉल्व्ह सीट सैल होऊन निसटतात. एसीचा कॉम्प्रेसर नेमका पुढच्या स्पार्क प्लगांवर बसवलेला असल्यामुळे बारा प्लग बदलण्याचे साधे काम दिवसभराचे होते, आणि जे काम दिवसभराचे असते ते मालक पुढे ढकलत राहतो. अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावात या इंजिनाला हात लावायला तयार असलेला मेकॅनिक मिळणेच मुश्कील, मिळाला तर त्याची मजुरी परवडत नाही.

शेवरलेचे स्मॉल-ब्लॉक व्ही-८ नेमके याच्या उलट स्वभावाचे आहे. १९५५ साली ते ४.३ लिटरचे म्हणून आले, १९६७ साली त्याचा ५.७ लिटरचा प्रसिद्ध अवतार निघाला, आणि २०११ साली जनरल मोटर्सने या घराण्याचे दहा कोटीवे इंजिन बनवल्याचे जाहीर केले. दहा कोटी इंजिने म्हणजे देशातल्या प्रत्येक स्पेअर पार्टच्या दुकानात त्याचा प्रत्येक भाग, आणि प्रत्येक गॅरेजात त्याची सवय असलेला हात. त्यात कॅमशाफ्ट एकच आणि तोही ब्लॉकच्या पोटात; व्हॉल्व्ह उघडतात ते पुशरॉडने. तंत्रज्ञान म्हणून हे जॅग्वारपेक्षा जुनाट दिसेल. पण हेडवर कॅमशाफ्ट नसल्यामुळे इंजिन बुटके आणि अरुंद राहते, आणि दुसऱ्या गाडीच्या बॉनेटखाली बसवताना हाच गुण सर्वांत मोलाचा ठरतो. लोखंडी ब्लॉक असूनही त्याचे वजन २६० किलोच्या आसपास भरते, तर ॲल्युमिनियमच्या व्ही-१२ चे वजन ३०० किलोच्या घरात जाते. म्हणजे बारा सिलिंडरच्या गाडीत हा बदल केला तर गाडीचे नाक जड होत नाही, थोडे हलकेच होते. १९९७ साली आलेले ॲल्युमिनियम ब्लॉकचे एलएस-१ घातले तर आणखी. आणि एक गोष्ट शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांच्या कानावर घालण्यासारखी आहे: १९७७ पासून जॅग्वारच्या स्वतःच्या व्ही-१२ गाड्यांमध्ये कंपनीने बसवलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जनरल मोटर्सचाच होता, टर्बो-हायड्रामॅटिक ४००. अमेरिकन यंत्र त्या बोगद्यात आधीपासून फिरत होते, फक्त कोणी बॉनेट उघडून त्याकडे पाहत नव्हते.

इथवर वाचून काम सोपे वाटेल, आणि नेमक्या याच समजुतीमुळे अर्धवट सोडलेल्या गाड्या अंगणात गंजत पडतात. इंजिन माउंटिंगवर बसणे हा कामाचा लहान भाग आहे, त्यासाठी अमेरिकेत तयार किटही मिळू लागली. खरे काम सुरू होते त्यानंतर. इंजिनाचे ऑइल चेंबर पुढच्या क्रॉसमेंबरला आणि स्टिअरिंगच्या भागांना घासते का, हे इंजिन दोन-तीनदा उतरवून-चढवून पाहावे लागते. शेवरलेचा डिस्ट्रिब्यूटर इंजिनाच्या मागच्या टोकाला असतो, म्हणजे तो थेट केबिनच्या पत्र्याशी भिडतो. प्रोपेलर शाफ्ट नव्या लांबीचा करून, संतुलित करून घ्यावा लागतो आणि त्याचा कोन गिअरबॉक्स व डिफरन्शियलशी जुळवावा लागतो; तो अंशभर चुकला तरी ठरावीक वेगाला गाडी थरथरते, आणि मग ज्या शांतपणासाठी ही गाडी वाचवली तोच गेला. रेडिएटरचे गणित वेगळेच. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात जातो, त्यामुळे जास्त ताकद म्हणजे त्याच प्रमाणात जास्त उष्णता. सहा सिलिंडरसाठी बेतलेला आणि वर तीस वर्षांच्या गाळाने भरलेला रेडिएटर ती पेलू शकत नाही. डॅशबोर्डवरच्या काट्यांचेही असेच. जे टॅकोमीटर इग्निशन कॉइलच्या ठिणग्या मोजून वेग दाखवते, ते सहा सिलिंडरच्या इंजिनासाठी एका फेऱ्याला तीन ठिणग्या गृहीत धरते. आठ सिलिंडरचे इंजिन चार ठिणग्या देते. परिणामी इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना काटा ४००० दाखवतो. बारा सिलिंडरच्या गाडीत उलटे होते, एका फेऱ्याला सहा ठिणग्यांची सवय असलेला काटा २००० वर थांबतो. हे दुरुस्त करता येते, फार अवघडही नाही. पण करायचे आहे हे आधी माहीत असावे लागते, आणि अशा बारीकसारीक कामांची यादी लांबत जाते: ॲक्सिलरेटरची केबल, एसीच्या नळ्या, ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम, सायलेन्सरचा मार्ग, पेट्रोलचा दाब. माझ्या मते या कामाचा अंदाज बांधताना इंजिन आणि गिअरबॉक्सच्या किमतीइतकीच रक्कम या यादीसाठी बाजूला ठेवावी, आणि ती जमत नसेल तर मूळ इंजिन उतरवूच नये.

पहिला आणि सर्वांत जोरदार आक्षेप भावनेचा आहे: जॅग्वारचे इंजिन काढले तर ती जॅग्वार राहिली का? याला कोरडे उत्तर देणे अन्यायाचे होईल, कारण एक्सके इंजिनाचा आवाज आणि त्याची ओघवती धाव यांवर लोकांनी खरोखर जीव लावला आहे. एका रांगेतले सहा सिलिंडर मुळातच संतुलित असतात, व्ही-१२ तर त्याहून गुळगुळीत. अमेरिकन व्ही-८ गुरगुरते, कारण त्याच्या प्रत्येक रांगेतले स्फोट समान अंतराने होत नाहीत. हा फरक खराच आहे, प्रवाशाच्या कानाला तो कळतो, आणि हा बदल करणाऱ्याने तो मान्य केला पाहिजे. पण देश आणि वंश यांच्या शुद्धतेचा युक्तिवाद टिकत नाही, तो ब्रिटिश मोटारींच्या इतिहासानेच मोडीत काढला आहे. रोव्हर कंपनीने १९६५ साली अमेरिकन ब्यूइकच्या छोट्या ॲल्युमिनियम व्ही-८ चे हक्क विकत घेतले. तोवर रोव्हर पी-५ ही भारदस्त सेडान तीन लिटरच्या जड सहा सिलिंडर इंजिनावर चालत होती. १९६७ पासून तिच्यात हे व्ही-८ आले, गाडी हलकी झाली, चपळ झाली, आणि पुढे ब्रिटनच्या पंतप्रधानांची अधिकृत गाडी म्हणून वर्षानुवर्षे वापरली गेली. तिला कोणी भेसळ म्हटले नाही. कंपनीने केले तर प्रगती आणि मालकाने केले तर विटंबना, असा भेद करायला मला आधार दिसत नाही. आपल्याकडची काँटेसाही हेच सांगते. व्हॉक्सहॉलच्या जुन्या आराखड्यावरची ही रुबाबदार गाडी हिंदुस्तान मोटर्सने प्रथम ॲम्बेसेडरच्या १.५ लिटर इंजिनावर आणली, आणि सुमारे ५० अश्वशक्तीचे ते यंत्र एवढी मोठी बॉडी ओढताना दमायचे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तिला जपानी इसुझूचे १.८ लिटर इंजिन मिळाले, आणि आज लोक जिची आठवण काढतात ती काँटेसा हीच.

जॅग्वारच्या घरातली एक हकीकत तर याहून बोलकी आहे. ब्रिटिश लेलँडच्या छत्राखाली असताना वरिष्ठ व्यवस्थापन आपल्या गाडीत रोव्हरचे ते व्ही-८ बसवायला भाग पाडेल, अशी भीती जॅग्वारच्या अभियंत्यांना होती. म्हणून पुढच्या पिढीच्या एक्सजे-४० या गाडीत त्यांनी इंजिनाची जागा मुद्दाम अरुंद ठेवली, एका रांगेतले सहा सिलिंडर मावतील पण व्ही आकाराचे इंजिन मावणार नाही अशी, असे त्या काळापासून सांगितले जाते. अस्मिता वाचली. पण १९८६ साली ही गाडी आली तेव्हा जॅग्वारचे स्वतःचे व्ही-१२ देखील तिच्यात बसेना, आणि पुढची रचना बदलून ते बसवेपर्यंत १९९३ उजाडले. परक्या इंजिनाची वाट अडवताना घरचेच इंजिन सात वर्षे बाहेर राहिले. पुढे जॅग्वार फोर्डकडे गेली आणि २००८ पासून ती टाटांची आहे. मालकी फिरत राहिली तरी गाडीची ओळख टिकली, मग एका इंजिनाने ती पुसली जाईल असे मानणे मला पटत नाही. दुर्मिळतेची सीमा मात्र मी मानतो. पहिल्या तीन मालिकांच्या मिळून तीन लाखांहून जास्त एक्सजे बनल्या, तर ई-टाइप जेमतेम ७२ हजार. मूळ क्रमांकाचे इंजिन असलेल्या ई-टाइपला हात लावणे हे इतिहासाचे नुकसान आहे. त्या लाखोंपैकी भंगाराच्या वाटेवर असलेल्या एका सेडानबद्दल तसे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो: एवढा खटाटोप करण्यापेक्षा मूळ इंजिनच नीट ओव्हरहॉल का करू नये? पुष्कळदा हेच उत्तर बरोबर असते. ब्लॉकला तडा नसलेले एक्सके इंजिन पुन्हा उभे करता येते, त्याचे भाग आजही बनतात. व्ही-१२ च्या बाबतीतही नळ, वायरिंग आणि रेडिएटर वेळीच बदलले असतील तर इंजिन बदलण्याचे कारण उरत नाही. ते चालू असताना केवळ जास्त ताकदीच्या हौसेने उतरवणे मला उधळपट्टी वाटते. शिवाय जास्त ताकद म्हणजे ब्रेक, शाफ्ट आणि डिफरन्शियल यांवर जास्त ताण, आणि आतल्या बाजूला बसवलेले ते मागचे डिस्क ब्रेक बदलायचे म्हणजे बरेचसे सस्पेन्शन उतरवण्याची तयारी. इंजिन बदलण्याची वेळ येते ती मूळ इंजिन दुरुस्तीपलीकडे गेले असेल, किंवा गाडी रोज वापरायची असेल आणि जवळपास ते जाणणारा कोणी नसेल तेव्हाच.

हा युक्तिवाद आजच्या जुन्या लक्झरी गाड्यांना जसाच्या तसा लागू करता येत नाही. एक्सजेच्या पहिल्या तीन मालिकांमध्ये इंजिन आणि बाकी गाडी यांच्यातला संवाद काही तारा, काही केबल आणि काही नळ्या एवढाच होता. बॉशने १९८६ साली कॅन ही संदेशवहनाची पद्धत जाहीर केली, आणि नव्वदच्या दशकापासून ती महागड्या गाड्यांतून पसरत गेली. तिच्यात इंजिनाचा संगणक, गिअरबॉक्स, एबीएस, डॅशबोर्ड आणि किल्लीची चोरीविरोधी यंत्रणा एकमेकांशी सतत बोलतात. इंजिनाने आत्ता किती टॉर्क दिला हे एबीएसला कळायला हवे असते. ओळखीचा संदेश आला नाही की डॅशबोर्डवर दिवे लागतात, गिअरबॉक्स आपत्कालीन स्थितीत जातो, गाडी सुरूच होत नाही. हे संदेश भाषांतरित करणारे मॉड्यूल बाजारात आहेत, पण त्यासाठी पाना-स्क्रूड्रायव्हरपेक्षा लॅपटॉप जास्त लागतो. दोन हजार सालानंतरच्या जर्मन सेडानसाठी ज्या मॉडेलवर हा बदल आधी अनेकांनी करून दाखवला आहे, त्याच मॉडेलचा विचार करावा. नव्या वाटेवर पहिले पाऊल टाकणाऱ्याचा खर्च मोजता येत नाही.

शेवटचा प्रश्न कायद्याचा, आणि इथे अमेरिका व भारत यांच्या वाटा पूर्ण वेगळ्या होतात. कॅलिफोर्नियाचे धुराचे नियम अमेरिकेत सर्वांत कडक समजले जातात, तरी तिथे इंजिन बदलायला बंदी नाही. नवे इंजिन गाडीच्या सालाचे किंवा त्यानंतरचे असावे, ते ज्या गाडीतून आले तिचे धूर नियंत्रणाचे सगळे सामान सोबत बसवलेले असावे, आणि नेमलेल्या तपासनिसाने ते पाहून मान्य करावे, असा रस्ता आहे. १९७५ पर्यंतच्या मॉडेलना तर ही धुराची नियमित तपासणीच लागत नाही. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो, कारण कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनाच्या जागी इंजेक्शन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेले नवे इंजिन आले तर हवा स्वच्छच होते. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वेगळे सांगते: निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ ठामपणे उचलून धरला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड अशी तरतूद आली. यामागे कारण आहे. इंजिन नंबर आणि चासी नंबर या जोडीवरच आरसीवरची गाडीची ओळख उभी आहे. ती सैल सोडली तर चोरीच्या गाड्यांना मोकळे रान मिळते. कारण समजते, पण तपासणीचा रस्ता ठेवून हा धोका टाळता आला असता असे मला वाटते, आणि तसा रस्ता याच कायद्यात अर्धा आहेही. इंधनाचा किंवा ऊर्जेचा प्रकार बदलण्यासाठी इंजिनात बदल करायला कलम ५२ परवानगी देते. त्यामुळे सीएनजीचे किंवा विजेचे किट पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचणी होऊन मान्य झाले असेल, तर मूळ इंजिन काढून मोटर आणि बॅटरी बसवलेली गाडीही आरटीओत रीतसर नोंदवता येते. अडचण एवढीच की अशी मान्यता ठरावीक मॉडेलच्या किटला मिळते, आणि चाचणीचा खर्च हजारोंनी विकल्या गेलेल्या गाड्यांवर वाटला तरच निघतो. बाहेरून आलेल्या मोजक्या सेडानसाठी तो कोणी करणार नाही. म्हणून इथे जुनी लक्झरी गाडी वाचवू पाहणाऱ्याने पत्रा आणि सस्पेन्शन उत्तम असलेली गाडी निवडावी, त्याच मॉडेलच्या अपघातग्रस्त गाडीतले त्याच प्रकारचे इंजिन पावतीसह शोधावे, आणि ते उतरवण्याआधी आरटीओची परवानगी घेऊन नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यावा.